घरटी एक आवतण

पिंपळवंडीत साळुबाईच्या भावकीत ओटी भरायची असो, बारसं असो, नाहीतर संक्रांतीचं हळदीकुंकू असो, बायकांना आवतण सांगायला साळुबाईच जायची. लग्न होऊन आली आणि वर्षभरात सासूनं तिच्या हातात कुंकवाचा करंडा दिला, तो तिच्याच हातात राहिला. वरच्या आळीपासून निघायचं आणि ओढ्याकाठच्या शेवटच्या घरापाशी थांबायचं. दारात उभं राहून घरच्या बाईला कुंकू लावायचं आणि काय ते सांगायचं. कुठली घरं ते कधी लिहून घेतलं नाही. लिहायचं तर शाळेत टिकायला हवं होतं, आणि शाळेत ती पाटी घेऊन गेली ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन, त्यामुळं पाटीपेक्षा भाऊच जास्त सांभाळला, असं ती म्हणायची.

आवतणाच्याही तऱ्हा असतात. ‘घरटी एक’ म्हटलं तर घरातल्या एकाच माणसानं यायचं. ‘चूलबंद’ म्हटलं तर सगळ्या घरानं यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. साळुबाईच्या तोंडून एकाच्या जागी दुसरं कधी गेलं नाही. आणि घर तर एकही सुटलं नाही. बांधावरून कोर्टात गेलेल्या घरांतही ती जायची. कुणी म्हणालं, "त्यांच्याकडं कशाला जातीस?" तर म्हणायची, "भांडान बांधाचं हाय. कुंकवानं काय केलंय?"

तिच्या घराचं दारही तसंच. दिवसभर सताड उघडं. दिवेलागणीला लागायचं, ते उसात बिबट्या असतो म्हणून. माणसासाठी ते दार कधी लागलं नव्हतं.

अशा बाईवर म्हातारपणी एका दाराची जबाबदारी पडली, आणि ते दार होतं मोबाईलमधलं.

तिची नात स्नेहल. मुलाची, चांगदेवची थोरली. तिला दिली होती आंबेगावात, कळंबच्या अलीकडच्या एका वस्तीवर. सोयरीक आणली होती लंकाबाईनं. लंकाबाई म्हणजे साळुबाईची चुलत जाऊ, चार घरं सोडून राहणारी. कळंबची ती वस्ती लंकाबाईचं माहेर, आणि जावई तिच्या सख्ख्या भावाचा, सावळेरामचा मुलगा. म्हणजे मुलगी भावकीतून गेली आणि नात्यातच पडली, असं सगळे म्हणाले. गादी-उशी करायला साळुबाई आणि लंकाबाई दोघी जुन्नरला दस्तगीर पिंजाऱ्याकडं जाऊन बसल्या होत्या. दस्तगीरच्या दुकानात मशीन आहे, पण चांगला कापूस आला की तो अजून पिंजायची धनुकलीच काढतो. तिची ताणलेली तात ठोकायला लागला की टण्ण-टण्ण आवाज पेठेपर्यंत जातो. तालुक्यात तसा आवाज आता दुसरीकडं कुठं नाही. कापूस उडत होता आणि लंकाबाई म्हणत होती, "जाऊबाई, जरा जाड भरायला सांगा. माझ्या भाचेसुनेची गादी हाये."

माघात स्नेहल परत आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातावर लहानगी श्रेया. हात कसा मोडला ते तिनं सांगितलं नाही, आणि कुणाला विचारावंही लागलं नाही. साळुबाईनं तिच्या कपाळावरून हात फिरवला, पाणी तापवून दिलं आणि भाकरी कुस्करून भरवली. स्नेहल लहान मुलीसारखी खात होती आणि तिची मुलगी तिच्याकडं बघत होती.

दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. मग भावकीच्या मोबाईलवरच्या ग्रुपात फोटो गेला. कुणी वाईट मनानं नाही टाकला. श्रेया अंगणात कोंबडीमागं पळताना गोड दिसली, चांगदेवच्या चुलत भावानं काढला आणि टाकला. त्या ग्रुपात सगळेच. कुणाच्या उसात बिबट्या दिसला तेही तिथंच कळतं, त्यामुळं सोडून जायची कुणाची छाती नाही. दुपारपर्यंत फोटो कळंबला पोचला. तिसऱ्या प्रहरी जीप दारात. जावई आणि आणखी तिघं. दार उघडंच होतं. श्रेयाला उचलून ते अंगणापर्यंत आले तेव्हा स्नेहलची आई, प्रतिभा, खुरपं घेऊन जीपच्या पुढं बसली. उभी राहिली असती तर ढकललं असतं. ती मातीतच बसली. आरडाओरडा ऐकून भावकी जमली, आणि ते मुलीला टाकून गेले. पण जाताना जावई म्हणाला, "पोरगी माझी हाये. जिथं आसंल तिथनं नेईन."

जुन्नरच्या वकीलबाईंनी कोर्टात अर्ज लावला. म्हणाल्या, हुकूम मिळेपर्यंत मुलीला आणि नातीला माहेरी ठेवू नका. ठिकाण कुणाला कळता कामा नये. सगळं घर विचारात पडलं, नातेवाइकांत ठेवावं तर कोणता नातेवाईक कळंबचा नाही? स्नेहलनंच सांगितलं, कौसर ठेवून घेईल. कौसर म्हणजे दस्तगीरची मुलगी, नर्सिंगच्या वर्गात स्नेहलबरोबर होती. दुकानाच्या माडीवर एक खोली होती, गाद्यांच्या खोळी ठेवायची. कौसरच्या आजीनं, बिबिजाननं, ती खोली एका दिवसात रिकामी केली. "खोळींना काय, जिन्यात बी झोपतील," म्हणाली.

मग प्रश्न आला बोलायचं कसं. स्नेहलच्या मोबाईलवर जे यायचं ते नवऱ्याच्या मोबाईलवरही दिसत होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं दोन्ही जोडून ठेवले होते. हे ऋषीनं शोधलं. ऋषी स्नेहलचा धाकटा भाऊ, अवसरीला इंजिनिअरिंगला. त्यानं तिला नवं सिमकार्ड दिलं आणि रविवारी घरी येऊन सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"नवं अ‍ॅप घ्यायचं," तो म्हणाला. "ह्याच्यात बोललेलं कुलपात जातं. इकडनं निघताना कुलूप लागतं, ते तिकडंच उघडतं. मधल्या कुणालाच वाचता येत नाही."

"मधला कोण?" साळुबाईनं विचारलं. ती घेवडा निवडत होती.

"कंपनी. टॉवरवाले. एखादा चोर."

"त्यांस्नी आपल्या घेवड्याची काय पडलीय? आपला चोर तर वळखीचा हाये."

चांगदेव म्हणाला, "फुकट हाये का?"

"फुकट. जाहिरात पण नाही. लोक देणगी देतात, त्यावर चालतं."

"म्हंजी देवळागत," साळुबाई म्हणाली. "मग पुजारी कोण, ते बघ आधी."

ऋषी हसला, पण उत्तर त्यानं नीट दिलं. आजीला टाळायचं नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं सांगितलं की पुजाऱ्यालाही गाभाऱ्यातलं दिसत नाही, अशी बांधणी आहे. बोललेलं आठ दिवसांनी आपोआप पुसलं जाईल. नंबर झाकता येतो. मोबाईल हरवला तर पिन लागते.

"पुसलं जाणार?" प्रतिभा पहिल्यांदाच बोलली. "माझ्या लेकीचा आवाज पुसला जाणार?"

"आई, पुसला जातो म्हणूनच बरा."

साळुबाईनं घेवड्याची शीर ओढली आणि म्हणाली, "बोललेलं पुसलं जाऊ दे. तोंडानं बोललेलं तरी कुठं ऱ्हातं? ऱ्हातं ते ऐकणाराच्या पोटात. त्याला काय कुलूप हाये का तुझ्या अ‍ॅपात?"

"नाही आजी. ते नाही."

"मग झालं. जेवढं हाये तेवढं घ्या."

असा तो ग्रुप झाला. पाच जण: साळुबाई, चांगदेव, प्रतिभा, ऋषी, स्नेहल. साळुबाईला अक्षरं लागत नव्हती, म्हणून ऋषीनं प्रत्येकाच्या नावापुढं फोटो लावला. स्नेहलच्या जागी त्यानं पारिजातकाच्या फुलाचा लावला, कारण तिचा चेहरा कुठंच नको होता. बोलायचं तर माईकचं चित्र दाबायचं आणि बोलून झालं की सोडायचं. साळुबाई आधी दोन दिवस दाबायची आणि गप्प राहायची. स्नेहलला नुसत्या कोंबड्या ऐकू यायच्या. तिला तेही आवडायचं.

चार दिवस गेले आणि लंकाबाई आली.

आली ती ओसरीवर टेकली नाही, उभीच राहिली. मग साळुबाईनं पाट सरकवला तेव्हा बसली.

"जाऊबाई, नवं घर बांधलं म्हणं."

"कुठलं घर?"

"मोबाईलातलं. माझ्या पोराच्या मोबाईलवर आलं, साळुबाई आली म्हणून."

लंकाबाईचा मुलगा पिकअप चालवायचा, नारायणगावच्या बाजारात टोमॅटो न्यायचा. तिथल्या काही व्यापाऱ्यांनी तेच अ‍ॅप घेतलं होतं, म्हणून त्याच्याकडंही होतं. ओळखीचा नंबर तिथं आला की ते अ‍ॅप ज्याच्या त्याच्या कानात सांगतं, हे ऋषीलाही आधी सुचलं नव्हतं. सगळ्या गावात आवतण सांगत फिरणाऱ्या बाईची दवंडी अ‍ॅपनंच पिटली होती.

"घरचंच हाये," साळुबाई म्हणाली. "पोरांचं."

"मी घरची न्हाई?"

साळुबाईनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"स्नेहलला मी दिली. माझ्या माहेरात दिली. तिचा हात मोडला तवापासनं मला घास गिळत न्हाई. माझ्या भावाच्या दारात मी थुकले न्हाई एवढंच. आन् तुमी सगळ्या घरांला कुंकू लावलं, बांधावाल्यांच्या घरांलाबी लावलं, आन् माझंच घर वगळलं." लंकाबाईनं पदर डोळ्याला लावला नाही. तशीच बसून राहिली. "ती कुठं हाये ते नका सांगू. मी ईचारीत न्हाई. नुसता तिचा आवाज ऐकू द्या. बरी हाये एवढं कळू द्या."

साळुबाईच्या मनात त्या वेळी काय काय आलं असेल. सासूनं दिलेला करंडा आला असेल. लंकाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा पहिलं कुंकू साळुबाईनंच लावलं होतं. शिवाय ठिकाण ग्रुपात कुणी बोलायचंच नव्हतं. मग ऐकून जाणार काय? हे तिचं गणित होतं, आणि आवतणाच्या गणितात ते बरोबरच होतं.

संध्याकाळी तिनं चांगदेवकरवी ऋषीला फोन लावला. ऋषी नको म्हणाला. चांगदेव नको म्हणाला. प्रतिभा ताटं मांडत होती, ती थांबली.

"आत्या, भावकीत तुमची आब ऱ्हाईल. माझ्या लेकीचं काय ऱ्हाईल?"

"घरटी एक सांगतेय, प्रतिभा. एकट्या लंकीला. चूलबंद न्हाई."

"आजी, मोबाईल तिचा नाही, तिच्या मुलाचा आहे," ऋषी पलीकडून म्हणाला.

"मग त्या घरात एकच हाये ना? घरटी एकच झालं."

त्या घरात साळुबाईचं शेवटचं चालायचं, आणि आजवर त्यानं कुणाचं नुकसान झालं नव्हतं. ऋषीनं लंकाबाईच्या मुलाचा नंबर ग्रुपात घेतला. स्नेहलला विचारलं का? विचारलं. ती म्हणाली, "आजी म्हणते तर घे." तिनं आयुष्यात दोनदाच दुसऱ्याच्या सांगण्यावर मान हलवली; एकदा सोयरीक झाली तेव्हा आणि एकदा ही.

आठवडा बरा गेला. स्नेहल बोलायची ते थोडंच. श्रेयानं दूध पिलं. प्लास्टर काढलं. बोटं वाकतात आता. लंकाबाई कधी कधी मुलाच्या मोबाईलवरून म्हणायची, "बाय, जीवाला जप," आणि तिचा आवाज येऊन संपायचा.

मग एका दुपारी साळुबाई अंगणात कांद्याच्या पाती काढत होती, तेव्हा पारिजातकाचं फूल आलं. तिनं दाबलं.

"आजी, आमी बऱ्या हाये," स्नेहल म्हणत होती. आवाज मोकळा होता. कितीतरी दिवसांनी मोकळा. "श्रेयाला ‘अ’ काढता यायला लागला. तिला तुझी आठवण येती. मला नोकरीचं ईचारलंय एका दवाखान्यात, हुकूम आला की जाईन म्हणते." आणि मागं श्रेया काहीतरी ओरडत होती, पोर हसत होती.

साळुबाईनं कांदे सोडून पुन्हा लावलं. नातीचं आणि पणतीचं हसू दोनदा ऐकावं म्हणून. दुसऱ्या वेळी तिनं मोबाईल कानाला घट्ट धरला. आणि श्रेयाच्या हसण्याच्या मागं, लांब, खाली कुठंतरी, ते आलं.

टण्ण. टण्ण. टण्ण-टण्ण.

साळुबाईच्या हातातली पात तशीच राहिली. प्रतिभा घरातून बाहेर आली होती. तिच्याही हातात मोबाईल होता. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

ठिकाण कुणी बोललं नव्हतं. पण ते आलंच होतं. जिनं स्नेहलच्या लग्नाची गादी भरताना त्या धनुकलीशेजारी दिवसभर बसून कापूस नाकातोंडात घेतला, तिला ते सांगायला कोण हवं होतं?

ऋषीला फोन लावला. तो वर्गातून बाहेर आला. त्यानं स्नेहलला सांगून तो आवाज सगळ्यांच्या मोबाईलमधून पुसायला लावला. पण पुसायच्या आधीच स्नेहलनं बघितलं होतं. लंकाबाईच्या घरातल्या मोबाईलवर ऐकल्याची खूण होती.

साळुबाई उठली. सवयीनं तिचा हात कोनाड्यातल्या करंड्याकडं गेला. तिथं तो थांबला. तिनं करंडा तसाच ठेवला आणि पायात चपला अडकवून निघाली. ती चार घरं ती आयुष्यात इतक्या वेळा चालली होती, पण मोकळ्या हातानं पहिल्यांदाच.

लंकाबाई ओसरीवर लसूण सोलत होती. तिनं ‘या’ म्हटलं नाही, ‘बसा’ म्हटलं नाही. साळुबाई आपण होऊन बसली.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"कळलं?"

"माझे कान अजून शाबूत हायेत, जाऊबाई." लंकाबाईनं एक पाकळी सुपात टाकली. "पर मी एकटीनं न्हाई ऐकलं. पोरगं जेवत व्हतं. ताटाशेजारी मोबाईल ठिवून मोठ्यानं लावला. सुनेनं ऐकलं. नातवंडांनी ऐकलं. श्रेया हसली तशी पोरंबी हसली."

साळुबाईनं डोळे मिटले. घरटी एक म्हणून सांगितलेलं आवतण त्या ताटाशेजारी चूलबंद झालं होतं.

"पोरगं काय म्हणालं?"

"बरं झालं म्हणालं, खुशाल हाये. हात धुताना म्हणाला, मागं काय वाजत व्हतं गं?"

"तू काय म्हणलीस?"

"मिक्सर म्हणलं."

लसणाची सालं वाऱ्यानं ओसरीभर होत होती.

"त्यो वंगाळ न्हाई," लंकाबाई म्हणाली. "मुद्दाम न्हाई सांगणार. पर आज माल भरायला कळंबला गेलाय. मामाच्या घरी च्याला थांबतोच. मामा ईचारणार, काय खबर? आन् मिक्सर तसा वाजत न्हाई हे त्याला आज न्हाई तर उद्या उमजंल. त्याच्या लग्नातली गादीबी तिथलीच हाये." तिनं सूप बाजूला सारलं. "हलवा तिला. आत्ताच्या आत्ता. आन् कुठं हलवली ते मला सांगू नका."

"लंके..."

"आन् मला त्या ग्रुपातनं काढा. तुमच्यानं व्हणार न्हाई. तुमच्या तोंडून एका घराला नगो म्हणून येणार न्हाई, मला ठावं हाये. म्हणून मीच सांगती. माझ्या घराला आवतण नगो."

साळुबाईला त्या वेळी रडायला आलं असतं तर सोपं गेलं असतं. तिनं फक्त लंकाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि उठली.

पुढचं दस्तगीरनं केलं. त्याला फोन गेला तेव्हा तो धनुकलीवरच होता. ऐकून त्यानं तात उतरवून ठेवली. "वैनी, आख्खी उमर हा आवाज माझी पाटी व्हता," तो साळुबाईला म्हणाला. "लोक आवाजावर दुकान शोधत यायचे. आज असंबी शोधतील वाटलं नाही." पोचवायच्या गाद्या टेम्पोत रचल्या होत्या. त्यांच्या मधे जागा करून स्नेहल आणि श्रेया बसल्या. बिबिजाननं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि श्रेयाला म्हणाली, गादीवर उड्या नको मारू, गिऱ्हाईकाची आहे. कौसर शेजारी बसली. श्रेया पहिल्या वळणालाच झोपली. नव्या कापसाची गादी असतेच तशी.

टेम्पो कुठं गेला, ते इथं लिहायचं काही कारण नाही.

त्याच संध्याकाळी कळंबकडचे दोघं दस्तगीरच्या दुकानात आले. गादीचा भाव विचारला. कापूस हातात घेऊन पाहिला. एकजण माडीच्या जिन्याकडं बघत राहिला, तर बिबिजाननं त्याला वर नेऊन खोळी दाखवल्या. "कुठली पाहिजे, फुलांची का रेघांची?" ते गादी न घेता गेले.

लंकाबाईच्या मुलानं मामाकडं चहा पिताना काय सांगितलं, कधी सांगितलं, की सांगितलंच नाही आणि त्यांना दुसरीकडून कळलं, हे साळुबाईनं कधी विचारलं नाही. चांगदेव विचारायला निघाला होता. ती म्हणाली, "बस खाली. त्याच्या घरात आपणच नेऊन ठिवलं. ठेवणाऱ्याला ईचार."

आणि तिला विचारायला कुणी आलं नाही. प्रतिभा तिच्याशी तीन-चार दिवस कामापुरतं बोलली. मग एका सकाळी चहा देताना तिनं साळुबाईच्या कपात साखर जास्त घातली, तिला आवडते तेवढी, आणि ते तिथंच संपलं.

ऋषी लंकाबाईच्या घरचा नंबर काढायला बसला. काढताना त्यानं विचारलं, "आजी, मी काढू की तू?" साळुबाई म्हणाली, "बोट कुठं ठिवायचं ते दाव." त्यानं दाखवलं. तिनं ठेवलं. त्या लहानशा फोटोत पिकअपसमोर उभं असलेलं पोरगं होतं, आणि मागं ओसरीत पाठमोरी लंकाबाई. फोटो गेला. पाच राहिले.

"आता सांग," ती ऋषीला म्हणाली, "ह्यात कुणाकुणाचा मोबाईल कोण कोण घेतं?"

ऋषीनं सांगितलं. चांगदेवचा कामावरची माणसं घेतात. चांगदेवलाही काढलं. बाप होता, पण काढलं. तो दोन दिवस रुसला आणि मग म्हणाला, "बायकूकडनं ऐकीन, लांबनं." पाचाचे चार झाले. साळुबाईनं शिकलेलं एवढंच: मोबाईलला घरटी एक ठाऊक नाही. तो ज्या घरात जातो तिथं चूल बंद करूनच बसतो. आवाज पाठवायच्या आधी स्नेहलला तिचा एकच हुकूम होता. "आदी खिडकी लाव. मग बोल."

उन्हाळ्याच्या शेवटी कोर्टाचा हुकूम आला. नवऱ्यानं तिच्या आणि मुलीच्या जवळ फिरकायचं नाही. स्नेहलला दवाखान्यातली नोकरी लागली. हाताचं एक बोट अजून पुरतं वाकत नाही, पण सलाईन लावता येतं. श्रेया शाळेत जाते. घर कुठं ते साळुबाईला ठाऊक आहे आणि प्रतिभाला. बस्स.

दिवाळीत लंकाबाईला न्यायला माहेराहून कुणी आलं नाही. दरवर्षी पाडव्याला सावळेरामची गाडी यायची. भाऊबिजेला ती दारात बसून राहिली, आरतीचं ताट तयार होतं. माहेरानं ठरवलं होतं की मुलगी तिनंच पळवली. आणि इकडं काही घरांत म्हणत होते की मुलीचं ठिकाण तिनंच फोडलं. लंकाबाईनं दोन्हीकडं काही सांगितलं नाही. खरं काय ते एका साळुबाईला माहीत होतं, आणि तिला ते कुठं बोलता येत नव्हतं. बोललं असतं तर मुलीची वाट पुन्हा उघडी पडली असती.

संक्रांत आली. आवतण सांगायला साळुबाई निघाली. पण त्या वर्षी वरच्या आळीपासून नाही. करंडा घेऊन ती सरळ चार घरं गेली आणि लंकाबाईच्या दारात उभी राहिली. आळीतल्या बायका बघत होत्या. तिनं कुंकू लावलं, बोट जरा जास्तच वेळ टेकवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लंके, चूलबंद ये."

लंकाबाई म्हणाली, "येईन. स्वयंपाकाला हात लावीन, तुमच्यानं आता काय व्हत न्हाई."

आता साळुबाईच्या घराचं दार दिवसातून एकदा लागतं. दुपारी, सगळे रानात असतात तेव्हा. ती आत जाते, कडी घालते, खिडकी लावते, आणि मग पारिजातकाच्या फुलावर बोट ठेवते. भावकीला ते दार बंद दिसणं अजून नवं आहे. कुणी हाक मारायला गेलं, कडी वाजवायला हात उचलला, की चार घरांवरून लंकाबाईचा आवाज येतो.

"जाऊबाई निजल्यात. मागनं या."

आणि ती तशीच ओसरीवर बसून राहते, दार उघडेपर्यंत.